दोन आख घेऊन अंकलेश्वरला

आमच्याकडून गुजरातला जाणारे लोक द्वारकेला जातात, सोमनाथला जातात आणि येताना देवाचा फोटो आणतात. मी गेलो तो ट्रकमध्ये बसून, मागे दोन लोखंडी एक्सल बांधून, आणि येताना त्यातला एक परत घेऊन आलो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना सांगण्यासारखं त्यात काही आहे का, हे मला आजही नीटसं ठाऊक नाही. पण संक्रांत जवळ आली की ओल्या उसाचा आणि गिअरच्या तेलाचा वास एकत्रच आठवतो, म्हणून लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

कुही

आमचं घर सुताराचं. कुहीला बाबा बंड्या करत. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. अंगणातल्या मांडवात बाभळीचे ओंडके पडलेले असत, आणि मागच्या भिंतीला वंगणाच्या दोन करवंट्या टांगलेल्या असत. एक आजोबांची, ती नुसती राहिलेली, आणि एक बाबांची, रोजच्या वापरातली. चाकाच्या मधल्या गोल तुंब्यातून जो आडवा दांडा जातो, ज्याच्यावर सगळं ओझं पेललं जातं, तो आख. नवी बंडी तयार झाली की आमच्याकडे एक रीत होती. ज्यानं आख निवडून बसवला, त्यानं पहिल्या ओझ्यावर स्वतः बसायचं, आणि बसायचं तेही पाठमोरं. पुढचा रस्ता बैलांनी पाहावा. सुतारानं मागे उमटणारी चाकोरी पाहायची. आख वाकडा असेल तर चाकोरी नागमोडी पडते, आणि ती सगळ्या गावाच्या आधी सुताराला दिसली पाहिजे. खेप नीट पार पडली की बंडीचा मालक सुताराला नारळ देई.

मी सुट्टीत घरी गेलो की बाबा एकच विचारत, "कालेजात हात काळे होतेत का गा?" मी हात पुढे करी. त्यावर शाईचे डाग असत. बाबा "बरं" म्हणत आणि पुन्हा रंधा चालवायला लागत. त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझी चार वर्षं गेली.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी बापूरावजी आमच्याकडे आले. ते मूळचे कुहीचेच, पण नागपुरात जाऊन ट्रकवाले झालेले. आधी कन्हानच्या खाणीतून कोळसा वाहायचे. मग अंकलेश्वरच्या तेलविहिरींवर काम मिळालं आणि कोळसा सोडून सगळ्या गाड्या त्यांनी तिकडे नेल्या. तिथे एक विहीर खोदून झाली की खोदायचं अवाढव्य यंत्र तुकड्या-तुकड्यांनी सोडवतात आणि ट्रकवर घालून पुढच्या जागी नेतात. ही वाट डांबरी नसते, शेतातून काढलेली असते. त्या वाटेवर बापूरावजींच्या गाडीचा मागचा एक्सल दोनदा तुटला होता. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, पुढच्या हलवाहलवीत गाडी वाटेत उभी राहिली तर सगळ्या गाड्या घेऊन नागपूरला जा.

"आता मिस्त्री लोकांत दोन पार्ट्या हायेत," बापूरावजी खाटेवर बसून सांगत होते. "एक म्हणते नवा, जाडा एक्सल टाका. दुसरा म्हणते कामठीच्या लिलावातला मिलिटरीचा टाका. मी दोन्ही घेऊन ठेवले. आता निवडू कोनता, सांग."

हे ते बाबांना म्हणत होते. बाबा तासत होते. वर न पाहताच म्हणाले, "मले बंडीचं समजते. हे माह्या पोराले विचार. तो तेच शिकून राहिला."

मी दारात उभा होतो.

"त्याले?" बापूरावजी हसले. "ठीक. पण मंग पहिल्या खेपेले बसन कोन? तुमच्या बापानं आमची बंडी केली तवा तेच बसले होते."

"जो निवडन तो बसन," बाबा म्हणाले. विषय संपला. मला कोणी विचारलंच नाही.

निघताना आईनं तांदळाची भाकर, तिळाची चटणी आणि तिळाचे लाडू बांधून दिले. बाबा मांडवाच्या खांबापर्यंत आले. "जमीन पाहून घेजो. गाडीकडं मंग पाहजो," एवढंच म्हणाले.

अमरावती रोड

गाडी गणपतकाका चालवणार होते. कन्हानचे, पन्नाशीचे, कोळशाच्या खेपांत आयुष्य गेलेलं. क्लीनर सणाला घरी गेला होता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझ्या हातात चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा देत काका म्हणाले, "धरा सायेब, डिग्री."

मागे दोन्ही एक्सल दोरांनी आवळून बांधले होते. नवा एक्सल काळ्या रंगानं चकचकत होता. त्याचं मधलं पोट मोठं, लोखंड जाड, आणि पोटातून दोन्ही चाकांकडे जाणारा शाफ्ट माझ्या दंडाएवढा. मिलिटरीचा एक्सल हिरवट, पोपडे आलेला. त्याचं पोट लहान, शाफ्ट बारीक, पण दोन्ही टोकांना चाकाजवळ गिअरचे आणखी दोन गठ्ठे. नव्याला काकांनी नवरदेव म्हणायला सुरुवात केली आणि जुन्याला सुभेदार. परत येईपर्यंत सगळे हीच नावं वापरत होते, मीसुद्धा.

"तुमी कोनाले पसंत करनार?" काकांनी कोंढाळीच्या आधीच विचारलं.

"अजून जमीन पाहिली नाही, काका."

"जमिनीले का पाहता? मी पाहिली ना! काळी हाये. आपल्यासारखीच. नवरदेव टाका अन् मोकळे व्हा. सुभेदार लय हळू चालते. अशा गाडीवर बसलो तं लोक म्हनतीन, गनपत म्हैस चारून राहिला."

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सुभेदारानं इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचताना खूपच कमी होत. जोर वाढे, वेग मरे. कोळशाच्या कामात ज्याच्या खेपा जास्त तो राजा. तिथे एक्सल तुटला की नागपूरचा मिस्त्री शाफ्टवरच्या बाहेरच्या कवचाला, हाउसिंगला, पट्टी वेल्ड करून देई, स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवी आणि गाडी पुन्हा पळे. अंकलेश्वरच्या गाड्यांनाही तेच केलं होतं, तरी त्या तुटल्या होत्या. का, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. मलाही नाही.

अकोला गेलं, मलकापूर गेलं. कपाशी वेचून झालेली होती आणि नुसत्या पळ्हाट्या उभ्या होत्या. जळगावच्या पुढे एका ढाब्यावर वांग्याचं भरीत खाल्लं. आमच्याकडेही वांगं भाजतात, पण खानदेशातलं ते हिरवं, लांबट वांगं काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात आणि वर कांद्याची पात घालतात. सोबत उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी. मी चार घास जास्तच खाल्ले. ढाब्याच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठले रे भाऊ?" नागपूर म्हटल्यावर म्हणाला, "मग संत्रं नाही आणलं?" आम्ही गाडीत दोन एक्सल आणले होते आणि संत्रं एकही नव्हतं. काकांना ते फार लागलं. पुढे बराच वेळ ते स्वतःशीच म्हणत होते, "अबे, चार संत्री तं घ्यायची!"

नवापूरच्या पुढे

कोंडाईबारीचा घाट उतरलो की हवा बदलते. सागाची झाडं, कौलारू घरं, मग नवापूर, नाका आणि पलीकडे गुजरात. नाक्यावरचा कारकून जाडा, डोक्याला मफलर बांधलेला. त्यानं मागे चढून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये गाडी में एक्सल पहले से है ना?"

"है, साहेब."

"तो ऊपर दो किसलिए?"

मी चाचरत सांगायला लागलो की जमिनीचा अभ्यास करून त्यातला एक… काकांनी मला कोपरानं बाजूला सारलं. "साहेब, दो दूल्हे लेके जा रहे. लडकी वहाँ है. जो पसंत आया वो रहेगा, दूसरा वापस."

कारकून हसायला लागला, तसा त्याच्या हातातला चहा सांडला. "और बाराती?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"ये लडकीवाले के साइड से है," काका गंभीरपणे म्हणाले. "बहुत शक्की."

अंकलेश्वर

आम्ही पोचलो ती संक्रांत होती, तिकडची उत्तरायण. आमच्या नागपुरातही त्या दिवशी गच्च्या भरतात, पतंग कापला की "ओ काट" होतं. पण इथे गावंच्या गावं छपरावर होती. बायका छपरावरच चिक्की खात होत्या, म्हातारे खुर्च्या टाकून फिरकी धरून बसले होते. तिथल्या मिस्त्रीचं गॅरेज बंद, तेल कंपनीचं ऑफिस बंद, आणि मी गावभर नुसता वर पाहत हिंडत होतो. एका कापलेल्या पतंगाचा मांजा माझ्या कानाला घासून गेला आणि कान कापला. काका म्हणाले, "चला, रक्त सांडलं. आता सोयरिक पक्की."

दुपारी जेवायला मिळालं ते उंधियुं. मातीच्या मडक्यात, आगीखाली शिजवलेल्या भाज्या, कंद, केळी. चव मला आवडली. डाळ मात्र गोड होती. काकांनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मग खिशातून तिखटाची डबी काढली आणि ताटभर लाल करून जेवले. वाढणाऱ्या बाई डोळे विस्फारून पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बापूरावजींच्या उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. गॅरेजच्या कोपऱ्यात आधी तुटलेले दोन्ही शाफ्ट पडले होते. मी त्यातला एक उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

बंडीचा आख मोडतो तो वाकून मोडतो. ओझं वरून पडतं, आख खाली वाकतो, मधोमध तडा जातो. लहानपणापासून मी तसेच मोडलेले आख पाहिले होते. हा शाफ्ट मुळीच वाकलेला नव्हता, तो पिळवटलेला होता. टोकाच्या सरळ खाचा ओलं धोतर पिळावं तशा वळल्या होत्या. आणि नागपूरच्या पट्ट्या मारलेलं बाहेरचं हाउसिंग जसंच्या तसं, सरळ होतं. म्हणजे आम्ही सगळे जिथे दुखत नव्हतं तिथेच लेप लावत होतो.

मला त्या क्षणी मांडवातले बाबा आठवले. बंडीचा आख ओझं वाहतो, पण ओढत नाही. ओढतात ते बैल. ट्रकचा मागचा आख मात्र वाहतोही आणि ओढतोही. आम्ही आखाला विचारत होतो, तू किती वाहशील? आणि विचारायला हवं होतं ते बैलाला विचारतात तसं, तू किती ओढशील?

छगनभाईंच्या बांधावरून

गाड्यांची वाट तपासायला मी एकटाच चालत गेलो. जुन्या विहिरीपासून नव्या जागेपर्यंतची वाट छगनभाई नावाच्या शेतकऱ्याच्या उसातून जात होती. शेजारी कालवा. ते बांधावर शेकोटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजत बसले होते. आपला हुरडाच, पण तिकडे त्याला पोंक म्हणतात आणि त्यावर शेव टाकून लिंबू पिळतात. त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर ओतला.

"खाओ, पछी जोवो," ते म्हणाले. आधी खा, मग पाहा.

मी खात खात पाहिलं. जमीन काळी, वरून वाळून भेगाळलेली. मी काठी खुपसली. वीतभर खाली ती गप्पकन आत गेली आणि काढली तेव्हा लोण्यासारख्या चिखलानं माखलेली होती. कालव्याचं पाणी खालून झिरपत होतं. अशी जमीन आमच्याकडे मौद्याच्या बाजूला आहे. वरून ती मित्रासारखी दिसते. रिकामी गाडी जाते आणि भरलेली रुतते.

आणखी एक गोष्ट दिसली. आधीच्या ट्रकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा वरून गुळगुळीत तासलेला होता, कोणी रंधा मारावा तसा. एक्सलचं पोट तिथे घासत गेलं होतं.

"तमारी गाडी यहाँ चिल्लाती है," छगनभाई म्हणाले. "पहिया गोल-गोल घूमता, घूमता… पछी धडाक!" त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी मोडून दाखवलं.

म्हणजे असं होत होतं: गाडी रुतली की ड्रायव्हर इंजिन किंचाळवी. चाक चिखलात नुसतं फिरे. फिरता फिरता एकदम कडक जमीन लागे, चाक जागीच अडे आणि सगळा झटका शाफ्टवर येई. आता शाफ्ट जाड केला, तर तो झटका पुढे सरकून मधल्या गिअरचे दात खाईल. नवरदेवाचं पोटही मोठं, ते उंचवट्यावर बसेल. सुभेदाराचं पोट लहान. आणि त्याच्या हळूपणात इंजिन किंचाळवायची गरजच पडणार नव्हती.

मला हे कळलं, पण खात्री वाटली असं नाही. सुभेदार जुना होता. त्याच्या चाकाजवळच्या गिअरांत काय झिजलंय, हे उघडून पाहिलं तरी सगळं दिसत नाही. मी ती वाट परत एकदा टोकापर्यंत चालून आलो. छगनभाईंनी पुन्हा मूठभर पोंक दिला.

गॅरेज

बापूरावजी रेल्वेनं आले. मिस्त्री, काका, बापूरावजी आणि मी, चौघे त्या दोन एक्सलांभोवती उभे होतो.

"बोल," बापूरावजी म्हणाले.

"सुभेदार," मी म्हणालो. आवाज बारीकच निघाला.

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो, त्याचा शाफ्ट तं पाहा! बोटाएवढा. आधीचे याच्याहून जाडे तुटून राहिले, अन् हा काय टिकन?"

मला गणित मांडून दाखवता आलं असतं. खिशात कागद होता. पण तो काढला असता तर तिघंही गप्प झाले असते आणि कोणालाच पटलं नसतं. मी म्हणालो, "काका, तुमच्याकडं दूध कोण घालतं?"

"रामा गवळी. काहून?"

"तो पाणी कुठं घालते? घरून घालून आणते का?"

"छ्या! आपल्या दारात येऊन, नळावर. घरून कशाले ओझं वाहीन?"

"मंग सुभेदार तेच करते. जोर वाढवायचं काम तो मधे करत नाही, अगदी शेवटी, चाकापाशी करते. म्हणून मधल्या शाफ्टवर पीळ कमी येते. बारीक असून चालते."

काकांनी त्या हिरवट एक्सलावर थाप मारली. "म्हंजे सुभेदार चोर हाये!" त्यांचा चेहरा उजळला. सुभेदारावर त्यांचा पहिल्यांदा जीव जडला तो तिथे.

बापूरावजी हसले नाहीत. "हे पाय पोरा. तिथं गाडी थांबली तं माह्या सगळ्या गाड्या घरी. तुह्या बापाच्या शब्दावर तुले आनलं. बसशील?"

"बसतो."

तिथल्या मोडून उभ्या असलेल्या गाडीला सुभेदार बसवायला मिस्त्रीबरोबर मीही गाडीखाली होतो. कमानीचे बोल्ट जुळेनात, दोन भोकं नवी पाडावी लागली. जोडून गाडी आवारात फिरवली, तर डाव्या चाकाच्या हबमधून तेलाचा थेंब गळायला लागला. जुनं सील कडक झालेलं. तसं दुसरं मिळेना. शेवटी मिस्त्रीनं जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी कापून बसवली. मग थेंब उशिरानं पडू लागला, पण पडत राहिला.

कालव्याची वाट

त्या सकाळी उसावर धुकं होतं. खोदायच्या विहिरीत चिखलाचं पाणी फिरवणारा एक पंप असतो, आमच्या घराच्या पडवीएवढा. तो आमच्या गाडीवर चढवला. मी वर चढलो आणि पंपाला टेकून पाठमोरा बसलो.

"अरे, ऊपर कौन है? उतारो उसको!" कंपनीचे साहेब धावत आले.

बापूरावजींनी हात जोडून आमच्या गावची रीत सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतली. "बहुत अच्छा है. लेकिन लोड पर आदमी नहीं बैठेगा. केबिन में बैठे, नहीं तो घर बैठे."

आता केबिनमध्ये पाठमोरं कसं बसायचं? शेवटी मी क्लीनरच्या जागेवर गुडघे टेकून, मागच्या जाळीच्या खिडकीला नाक लावून बसलो. पंपाच्या बाजूनं तिथून मागची वाट दिसत होती.

"सायेब," काका म्हणाले, "तुमी मागं पाहा, मी पुढं पाहतो. गाडी कोनत्या बाजूनं जाऊन राहिली ते मंग दोघं मिळून ठरवू."

आमच्या पुढे दुसऱ्या ठेकेदाराची गाडी होती. कालव्यापाशी ती रुतली, किंचाळली, आणि तिला ट्रॅक्टरनं ओढून काढलं. तिनं तिथली जमीन पार उकरून ठेवली. मग साहेबांनी आम्हाला हात केला.

मला पुढचं काही दिसत नव्हतं. गाडी हळूहळू खाली बसतेय, एवढं गुडघ्यांना कळलं. इंजिनाचा आवाज जड झाला. काकांचा पाय अॅक्सिलरेटरवर शिवशिवतोय, हे त्यांच्या श्वासावरून समजत होतं. सगळं आयुष्य त्यांनी अशा वेळी पाय दाबला होता. बैल चिखलात अडले की गाडीवान पराणी टोचायला जाई, तेव्हा बाबा ओरडत, ते माझ्या तोंडून निघालं.

"जोर नको, काका. धीर धरा."

काकांनी एक शिवी दिली, पण पाय होता तिथेच ठेवला. चाकं जात्यासारखी फिरत होती, सावकाश, एकसारखी. बाभळीचं एक झुडूप माझ्या खिडकीसमोर आलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं, थांबलो. मग ते झुडूप अगदी हळू मागे सरकलं. मागोमाग चिखलातून दोन चाकोऱ्या वर आल्या. त्यांत पाणी भरत होतं, आणि त्या पाण्यात धुक्यातला सूर्य चमकत होता. चाकोऱ्या सरळ होत्या. डावीच्या कडेला तेलाचे दोन-चार थेंब. मधला उंचवटा होता तसाच, नव्यानं न घासलेला.

"निघाली गा म्हैस!" काका ओरडले.

पलीकडे बापूरावजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पिशवीतून नारळ काढला. त्यांनी तो कुहीहूनच आणला होता. "हा घे. घरी नेजो." साहेब लांबूनच म्हणाले, "बाकी गाडियों में भी यही लगाओ," आणि दुसऱ्या ट्रककडे वळले.

परत

येताना नवरदेव आमच्याबरोबर होता. नाक्यावरच्या कारकुनानं त्याला ओळखलं. "अरेरे! इसको लडकी नहीं मिली?"

"बहुत मोटा था, साहेब," काका म्हणाले.

काकांनी सुरतेला घारी, ती मावा भरलेली तुपाळ मिठाई, घेतली होती, घरच्यांसाठी. भुसावळपर्यंत त्यातली अर्धी आम्हीच संपवली. गोड डाळीला नावं ठेवणारे काका घारी खाताना काही बोलत नव्हते.

मी कुहीला पोचलो तेव्हा बाबा मांडवात होते. शेतात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फुलली होती, तिच्या निळ्या फुलांवरून वारा येत होता. मी नारळ त्यांच्यापुढे ठेवला.

"बापूरावजींनी दिला."

"गाडी गेली?"

"गेली."

"पाठमोरा बसला होता?"

मी केबिनचं, गुडघ्यांचं, जाळीचं सगळं सांगितलं. आई हसू लागली. बाबा हसले नाहीत. "चाकोरी?"

"सरळ होती. डाव्या अंगानं थोडं तेल गळलं."

"गळन. जुनं हाये. नवं झिरपलं तं चिंता करावं." त्यांनी नारळ उचलला आणि माझ्याच हातात दिला. "हा माहा नाही. जो बसला त्याचा. फोड."

ज्या ओंडक्यावर ते आख तासत, त्याच्यावर मी तो फोडला. माझी बोटं नखांपर्यंत काळी होती. मिस्त्रीबरोबर गाडीखाली लागलेलं ते तेल आठवडाभर निघालं नव्हतं. बाबांची नजर त्यांच्यावर गेली, पण त्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. खोबरं आईनं काढून घेतलं. एक अर्धी करवंटी बाबांनी काचेच्या तुकड्यानं घासून आतून गुळगुळीत केली, काठाला दोन भोकं पाडली, सुतळी ओवली.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे मी नोकरीत किती एक्सल निवडले, किती गाड्यांच्या मागच्या खिडकीतून चाकोऱ्या पाहिल्या. बंड्याही गावातून गेल्या. पण मांडवाची ती मागची भिंत आठवली की मला त्यावर तीनच करवंट्या दिसतात. आजोबांची, बाबांची, आणि त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः खिळा ठोकून टांगलेली माझी.